कृत्रिम आमिषांतील आणि गळांतील फेरफार

कृत्रिम आमिषांतील फेरफार म्हणजे गळाने मासे पकडताना वापरल्या जाणाऱ्या लाकडी, प्लॅस्टिकच्या, धातूच्या किंवा रबरी आमिषांची आणि त्यांना जोडलेल्या गळांची चाल सुधारण्यासाठी केलेले लहानसहान बदल होत. नेढे किंचित वाकवणे, गळ बदलणे, पोटाखाली शिशाची तार गुंडाळणे, पुढची पट्टी घासून अरुंद करणे, गळाचा उलटा काटा दाबून टाकणे हे बदल त्यांत मोडतात. बाजारात मिळणारे आमिष सर्वसाधारण पाण्यासाठी, सर्वसाधारण वेगासाठी आणि सर्वसाधारण माशासाठी घडवलेले असते. प्रत्यक्षातले पाणी, वेग आणि मासा यांपैकी एखादी तरी गोष्ट सहसा निराळी असते, आणि त्यामुळेच फेरफाराची गरज पडते. इंग्रजी ‘ल्यूर’ हा शब्द मराठी बोलण्यातही रुळला आहे.

कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे पकडण्याला गरवणे. पारंपरिक गरवण्यात कोळंबी, लहान मासा किंवा माशाचा तुकडा असे खरे आमिष लावले जाते. ते वासाने आणि चवीने माशाला खेचते, त्यामुळे त्याच्या चालीला दुय्यम महत्त्व असते. कृत्रिम आमिषाला बहुधा वास किंवा चव नसते. त्याच्यापाशी चाल, चमक आणि पाण्यात उठणारी कंपने एवढीच सामग्री असते. त्यामुळे चाल बिघडलेले कृत्रिम आमिष हे पाण्यातून ओढलेले लाकूड ठरते.

इतिहास

धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचे अमेरिकी पेटंट ज्युलिओ ब्युएल यांनी १८५२ मध्ये घेतले. सरोवरात पडलेल्या जेवणाच्या चमच्यावर मासा झेपावलेला पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगन राज्यातील डोवाजिॲक येथे जेम्स हेडन यांनी लाकडी आमिषे घडवण्यास प्रारंभ केला आणि पुढे त्याचा मोठा कारखाना झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव फिनलंडमधील लाउरी रापाला यांचे आहे. पायान्ने सरोवरावर मासेमारी करून पोट भरणाऱ्या रापाला यांच्या लक्षात आले की, मोठे भक्षक मासे लहान माशांच्या थव्यातील नेमका जखमी, किंचित तिरका डुलणारा मासा निवडतात. १९३६ मध्ये त्यांनी बुचाच्या लाकडापासून मोच्याच्या सुरीने आणि पॉलिश पेपरने तशा डुलणाऱ्या माशाची प्रतिकृती घडवली. वरून चांदीच्या वर्खासारखा वेष्टनाचा कागद चिकटवला आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा जलरोधक लेप दिला. प्रत्येक आमिष पाण्यात ओढून पाहावे, डौल साधेपर्यंत नेढे वाकवावे आणि मगच ते विकावे, हा दंडक त्यांनी आरंभापासून पाळला. ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मेरिलिन मन्रो यांच्यावरील अंकात या आमिषाविषयी लेख आला आणि फिनलंडच्या एका खेड्यातील ही वस्तू जगभर पोचली. आज फेरफार म्हणून ओळखले जाणारे काम मुळात आमिष घडवण्याचाच शेवटचा टप्पा होते, असे या इतिहासावरून म्हणता येते. यंत्रावर हजारोंनी आमिषे निघू लागल्यावर तो टप्पा बराचसा वापरणाऱ्याच्या हाती आला.

टेनेसी राज्यातील फ्रेड यंग यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्सा लाकडातून हाताने कोरलेली ‘बिग ओ’ ही गोलसर आमिषे अशीच गाजली. हाताने कोरल्यामुळे त्यांतील दोन नग एकसारखे नसत. स्पर्धक ती एकमेकांकडून भाड्याने घेत, असेही सांगितले जाते.

आमिष का डुलते

कोणताही बदल करण्यापूर्वी आमिष मुळात का डुलते हे समजून घेणे आवश्यक आहे. नाकाशी पारदर्शक पट्टी असलेल्या, माशाच्या आकाराच्या आमिषाचे उदाहरण घेऊ. ही पट्टी ‘लिप’ या नावाने ओळखली जाते. दोरा ओढला की पाणी पट्टीवर आदळते आणि आमिषाचे नाक खाली दाबले जाते. त्याच वेळी पट्टीच्या दोन्ही कडांवरून पाणी वाहून मागे भोवरे सुटतात, पण ते एकाच वेळी सुटत नाहीत. एकदा डाव्या कडेकडून, एकदा उजव्या कडेकडून असे ते आळीपाळीने सुटतात आणि आमिषाला आळीपाळीने दोन्ही बाजूंना लोटतात. वाऱ्यात ताणलेली तार गुणगुणते त्यामागेही हेच कारण असते.

लोटलेले आमिष परत मध्यावर येते ते त्याच्या वजनाच्या मांडणीमुळे. आमिषाचा गुरुत्वमध्य खाली, पोटाशी असतो. पाण्याचे उत्प्लावक बल त्याच्या वर, पाठीच्या बाजूला केंद्रित असते. तळाशी वजन असलेली बाहुली आडवी पाडली तरी उभी राहते, तसे आमिषही सरळ होते. भोवऱ्याचा धक्का आणि वजनाची ओढ यांच्या या झटापटीतून डुलणे निर्माण होते. गुरुत्वमध्य फार खाली नेला तर आमिष मठ्ठपणे सरळ चालते. तो फार वर आला तर आमिष कलंडते, उलटे होते किंवा गोल गोल फिरू लागते.

डुलण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. शेपटी डावी-उजवीकडे फिरणे हा एक, आणि अंग कुशीवर कलून पोटाची पांढरी बाजू झळकणे हा दुसरा. बहुतेक आमिषांत हे दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. थंड पाण्यात माशाच्या हालचाली मंदावतात, म्हणून आखूड, घट्ट डुलणे उपयोगी पडते. उबदार आणि गढूळ पाण्यात रुंद, जोरकस डुलणे अधिक चालते. याला अपवाद पुष्कळ आहेत.

पट्टीची लांबी आणि तिरकेपणा यांवर खोली ठरते. पट्टी लांब आणि अंगाच्या रेषेत जवळजवळ सरळ असेल तर आमिष खोल जाते. ती आखूड व उभी असेल तर ते वरच्या थरात राहते. पट्टी दोन्ही कडांनी सारखीच घासून अरुंद केली की डुलणे आखडते आणि खोलीही थोडी घटते. एका बाजूला अर्धा मिलिमीटर अधिक घासले गेले तरी आमिष त्याच्या विरुद्ध बाजूला ओढ घेऊ लागते, म्हणून हे काम कानशीऐवजी बारीक पॉलिश पेपरवर आणि मधूनमधून पाण्यात पाहत करतात. घासलेली पट्टी पुन्हा भरून काढता येत नाही. नवशिक्याने या बदलापासून सुरुवात करू नये.

चाल सरळ करणे

सर्वांत प्राथमिक, सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयुक्त फेरफार म्हणजे ज्या नेढ्याला दोरा बांधतात ते नेढे वाकवणे. नवे आमिषही कधी कधी एका बाजूला पळते. खडकावर आपटलेले किंवा मोठ्या माशाने ओढलेले आमिष तर हमखास पळते. मंद ओढीत ते सरळ वाटते, पण वेग वाढवताच कुशीवर कलून वर येते.

दुरुस्तीचा नियम सोपा आहे. आमिषाचे नाक स्वतःकडे करून धरावे. ते ओढताना आपल्या उजवीकडे पळत असेल तर नेढे डावीकडे वाकवावे, आणि डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. लांब, निमुळत्या चोचीच्या पकडीने नेढ्याची तार धरून केसभर दाब द्यावा. डोळ्यांना बदल जाणवला तर तो बहुधा गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. नेढे पिळू नये. बाल्सा लाकडात रोवलेले नेढे पिळल्यास त्याभोवतालचा गोंद आणि लेप तडकतो, आत पाणी शिरते आणि काही दिवसांत आमिष जड होऊन निकामी होते.

प्रत्येक वेळी आमिष तीन-चार मीटर अंतरावरून स्वच्छ पाण्यात आधी सावकाश आणि मग वेगाने ओढून पाहतात. वेगाने ओढल्यावरही नाकाच्या रेषेत येणारे आमिष जुळलेले समजावे. नेढे वाकवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. गळ एकमेकांत किंवा पोटाच्या कडीत अडकलेले नाहीत ना, आणि गाठ नेढ्याच्या एका बाजूला सरकलेली नाही ना. निम्म्या तक्रारींचे मूळ या दोहोंत असते, असे अनुभवी लोक सांगतात. घट्ट आवळलेली गाठ आमिषाच्या नाकाला जखडते. त्याऐवजी सैल फाशाची गाठ बांधली किंवा लहान कडी वापरली की डुलणे मोकळे होते. जाड तंगूस पाण्यात अधिक अडतो आणि आमिषाला खोल जाऊ देत नाही. त्यामुळे चालीची तक्रार असली की आमिषाआधी दोराही पाहावा.

वजन, तरंगणे आणि खाडीचे पाणी

काही आमिषे ओढ थांबताच वर येतात, काही बुडतात, आणि काही आहेत त्याच खोलीवर अधांतरी राहतात. तिसऱ्या प्रकाराला फार मागणी असते, कारण पाठलाग करणारा मासा पुष्कळदा आमिष थांबल्यावरच झडप घालतो. तरंगणाऱ्या आमिषाला अधांतरी करण्यासाठी गळाच्या दांडीवर शिशाची किंवा झाळकामाची तार गुंडाळतात, पोटाला चिकटणाऱ्या शिशाच्या पट्ट्या लावतात, किंवा लाकडी आमिषाच्या पोटात भोक पाडून शिसे भरतात.

वजन कोठे लावले हे किती लावले याइतकेच महत्त्वाचे आहे. पुढच्या गळाजवळचे वजन आमिषाचे नाक खाली ठेवते. शेपटीकडचे वजन फेकीला अंतर देते, पण डुलण्याचा जीव घेते. एखाद्या वजनाचा फिरण्याला होणारा विरोध त्याच्या आसापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आमिष नाकाजवळच्या एका बिंदूभोवती हलते असे धरले, तर त्या बिंदूपासून दुप्पट अंतरावर लावलेले एक ग्रॅम वजन चौपट विरोध करते. म्हणून शेपटीच्या गळाला जाड कडी लावणे हा बदल दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने मोठा ठरतो.

खाडीवर गरवणाऱ्यांना येथे एक निराळी अडचण येते. गोड्या पाण्यात नेमके अधांतरी राहणारे १५ ग्रॅमचे आमिष १५ घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे तेथे तेच आमिष बाजूला सारलेल्या पाण्याहून सुमारे ०.३७ ग्रॅमने हलके पडते आणि सावकाश वर येऊ लागते. तापमानाचाही परिणाम होतो, पण तो फार लहान असतो. २० अंशांचे पाणी ३० अंशांचे झाले तर याच आमिषाच्या बाबतीत फरक ०.०४ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे क्षारतेचा परिणाम जवळजवळ दहापट आहे. कोकणातील खाड्यांत भरतीला खारे आणि ओहोटीला मचूळ पाणी असते, आणि पावसाळ्यात तर मुखापर्यंत गोडे पाणी येते. सकाळी जुळवलेले आमिष दुपारी वर तरंगू लागले तर त्याचे कारण आमिषात न शोधता पाण्यात शोधावे. यावर उपाय म्हणून सहज काढता-घालता येईल असे वजन, म्हणजे दांडीवरची तार, कायमच्या भोकापेक्षा बरे.

गळ बदलणे

आमिषावरचे मूळ गळ बहुधा तिहेरी असतात. एका दांडीला तीन बाक आणि तीन टोके असतात. गळांच्या मापांची पद्धत गोंधळात टाकणारी आहे. ६, ४, २, १ असा आकडा उतरत जातो तसा गळ मोठा होतो, आणि १ नंतर १/०, २/०, ३/० अशी उलटी चढण सुरू होते.

गळ बदलण्याचे पहिले कारण बळकटी हे आहे. खाडीच्या मुखाशी मिळणारा जिताडा, ज्याला रत्नागिरी-सिंधुदुर्गात खजुरा आणि गोव्यात चोणक म्हणतात, आमिष दातांनी पकडत नाही. तो जबडा उघडून पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो आणि लगेच डोके झटकतो. तांबोशीही खडकांच्या किंवा कांदळवनाच्या मुळांकडे धाव घेते. बारीक तारेचे गळ अशा वेळी चक्क सरळ होतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात हाच मासा बॅरामुंडी या नावाने प्रसिद्ध आहे, आणि तेथे नव्या आमिषाचे गळ आणि कड्या बदलून जाड लावणे ही जवळजवळ रीतच आहे. तेथेही वजनाचा हिशेब चुकत नाही. जाड गळ लावलेले तरंगते आमिष अधांतरी होऊ शकते, आणि काही जण हे जाणूनबुजून साधतात.

महसीरच्या बाबतीत हीच गोष्ट भारतात फार पूर्वी कळून चुकली होती. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. महसीरच्या तोंडाची पकड विलक्षण असते, आणि इंग्लंडातील सामन माशासाठी केलेले गळ तिच्यापुढे टिकत नाहीत, हा त्या काळच्या गळशौकिनांचा नित्याचा अनुभव होता. चमच्याच्या आमिषाला भक्कम कडी आणि जाड तिहेरी गळ लावण्याची पद्धत त्यातून रुजली. कर्नाटकातील कबिनी नदीत १९४६ मध्ये पकडलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर या संदर्भात आजही आठवला जातो.

दुसरे कारण म्हणजे तिहेरी गळाऐवजी एकेरी गळ लावण्याची इच्छा. तिहेरी गळ जाळीत, गवतात आणि माणसाच्या बोटांत सारख्याच तत्परतेने अडकतो. साधा एकेरी गळ मात्र जसाच्या तसा लावून चालत नाही. त्याचे नेढे बाकाच्याच प्रतलात नसल्यास कडीत घातल्यावर तो आडवा लोंबतो. त्यासाठी नेढे योग्य दिशेला वळवलेले खास गळ मिळतात. एकेरी गळ तिहेरीपेक्षा हलका असतो, म्हणून आमिष अधिक चपळ डुलते आणि अधिक तरंगते. हा फरक नको असेल तर एक-दोन मापे मोठा गळ घेतात. त्याचे टोक पोटाला किंवा दुसऱ्या गळाला पोचत नाही ना, हे हवेत हलवून पाहणे पुरेसे असते. पुढचा आणि मागचा गळ एकमेकांत अडकू लागला तर कोणतीही चाल शिल्लक राहत नाही.

धार आणि उलटा काटा

गळाचे टोक बोथट असेल तर आमिषाची चाल कितीही साधलेली असली तरी उपयोग नाही. परीक्षा जुनीच आहे. टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून ओढावे. ते रुतले तर धारदार, घसरले तर बोथट. जाड, साध्या पोलादी गळांना बारीक कानशीने तीन बाजूंनी धार लावता येते. रसायनात बुडवून टोकदार केलेल्या आधुनिक गळांचे टोक मात्र अत्यंत बारीक असते. कानस लावली की ते टोक आणि वरचा गंजरोधक थर दोन्ही जातात, म्हणून असा गळ बोथट झाल्यावर बदलावा. समुद्रात वापरलेली आमिषे गोड्या पाण्यात धुऊन वाळवून ठेवली तर ही वेळ उशिरा येते.

काही जण गळाचे टोक पकडीने किंचित बाहेर उघडतात. गळाचे तोंड रुंद होते आणि मासा लवकर अडकतो. परंतु कडक पोलादाचा गळ वाकवताना तुटतो, किंवा न तुटता अदृश्य तडा घेऊन राहतो आणि ऐन वेळी तुटतो. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हे करू नये.

टोकाच्या आतल्या बाजूचा उलटा काटा मासा निसटू नये म्हणून असतो. तो पकडीने दाबून सपाट करणे हा एक साधा फेरफार आहे आणि माशाच्या दृष्टीने तो अत्यंत महत्त्वाचा आहे. काटा नसलेला गळ कमी जोराने रुततो आणि निघतोही सहज. मासा निसटण्याचा धोका दोरा ताणलेला ठेवून बराच कमी करता येतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नद्या-ओढ्यांत बिनकाट्याचा एकेरी गळ वापरणे बंधनकारक आहे.

चमचे आणि फिरक्या

चमच्यासारख्या आमिषाची चाल त्याच्या वक्रतेत असते. लाकडी मोगरीने हलक्या हाताने खोलगट केलेला चमचा मंद ओढीतही रुंद डुलतो. सपाट केलेला चमचा वेगात चांगला चालतो आणि प्रवाहात फिरत नाही. पातळ पत्रा हवेत फडफडतो पण पाण्यात लवकर जागा होतो. जाड पत्र्याचे नेमके उलट. पृष्ठभागावर ठोके देऊन खळगे पाडले की उजेड तुकड्या-तुकड्यांनी परावर्तित होतो. चमचा फिरू लागला तर दोऱ्याला पीळ पडतो, म्हणून त्याच्या पुढे फिरती कडी लावण्याचा प्रघात आहे.

तारेभोवती पाते फिरणाऱ्या आमिषांत पात्याचा आकार हाच बदल. गोल पाते सावकाश, रुंद फिरते आणि पाण्यात जोराची कंपने सोडते, म्हणून गढूळ पाण्यात आणि संधिप्रकाशात ते उपयोगी. विलो वृक्षाच्या पानासारखे लांबट पाते वेगाने आणि तारेला लगटून फिरते. ते चमकते अधिक, पण हलवते कमी. दुहेरी तारेच्या आमिषात वरची तार आणि खालचा गळ एका रेषेत नसतील तर आमिष कुशीवर चालते. येथेही इलाज वाकवण्याचाच.

मऊ आमिषे आणि मरळ

मऊ प्लॅस्टिकची आमिषे सुरीने कापता येतात आणि सुईने टोचता येतात, त्यामुळे फेरफाराला सर्वांत मोकळीक तेथे आहे. शेपटीचे मूळ कोरून पातळ केले की ती मंद ओढीतही हलते. कृत्रिम गांडुळाच्या एका टोकात लहान खिळा घुसवून मध्यावर गळ टोचला तर ते तळाशी डोके टेकून उभे थरथरते. जपानी गळशौकिनांनी ही पद्धत विशेष लोकप्रिय केली. गळ मात्र मध्यरेषेतून सरळच गेला पाहिजे. थोडा तिरका टोचलेला गळ आमिषाला गिरमिटासारखे फिरवतो.

महाराष्ट्रातील तळी आणि धरणांच्या कडेच्या पाणवनस्पतींत राहणाऱ्या मरळ माशासाठी पोकळ रबरी बेडूक वापरला जातो. जिवंत बेडूक गळाला लावण्याच्या जुन्या पद्धतीला हा चांगला पर्याय आहे. रबरी बेडकाचा दुहेरी गळ पाठीला लगटून असतो, म्हणजे तो शेवाळात अडकत नाही. मरळाचे तोंड हाडाळ असल्यामुळे पुष्कळदा झडप बसते पण गळ रुतत नाही. त्यासाठी दोन्ही टोके अगदी थोडी बाहेर आणि वर वाकवतात. बेडकाचे दोऱ्याचे पाय लांब असतील तर तो सरळ घसरत येतो. ते कापून आखूड केले की आळीपाळीने डावी-उजवीकडे वळतो. पोटात लहान वजन घातल्यास तो दाट शेवाळावर दबून बसतो आणि त्याची चाहूल खाली पोचते.

रंग आणि आवाज

रंग बदलल्याने चाल बदलत नाही, मात्र फेरफार करणारे बहुतेक जण सुरुवात रंगानेच करतात. नखांचा रंग, पक्क्या शाईचे पेन आणि वर्ख ही नेहमीची साधने. लेपाचा जाड थर एका बाजूला साचला तर आमिष कलते, एवढेच ध्यानात ठेवावे. खुळखुळणाऱ्या गोळ्या असलेले आमिष शांत करण्यासाठी बारीक भोकातून गोंद सोडून गोळ्या चिकटवतात. त्या जेथे चिकटतात तेथे वजन कायमचे स्थिर होते, म्हणून गोंद सुकेपर्यंत आमिष ज्या स्थितीत पोहणार त्याच स्थितीत ठेवावे लागते.

माशाचा जीव आणि शिसे

पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत वाढली तशी फेरफारांकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. पूर्वी मासा हमखास अडकावा एवढाच हेतू असे. आता तो जगून परत जावा हाही असतो, निदान असायला हवा. दोन किंवा तीन तिहेरी गळांच्या आमिषात एक गळ तोंडात रुततो आणि दुसरा झटापटीत डोळ्यात किंवा कल्ल्यात शिरतो. कल्ल्यातून रक्तस्राव झालेला मासा पोहत गेला तरी जगेल याची खात्री नसते. मागचा तिहेरी गळ काढून एकेरी लावणे आणि सर्व काटे दाबणे यांमुळे ही हानी घटते, आणि हात लावण्याचा वेळही कमी होतो. कावेरी खोऱ्यातील मदारीचा महसीर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त ठरला आहे. अशा माशाच्या बाबतीत गळाच्या तोंडाची रुंदी हा केवळ कौशल्याचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवर कंपनीचे महसीर संवर्धन केंद्र आहे, आणि तेथे वाढवलेली बोटुकली अनेक जलाशयांत सोडली गेली आहेत.

चाल बिघडलेले आमिषही माशाला अपाय करते, याकडे क्वचित लक्ष दिले जाते. कुशीवर चालणाऱ्या आमिषावर मासा नेमका झडप घालू शकत नाही. गळ तोंडाऐवजी पाठीत, पोटात किंवा शेपटीच्या बुडाशी बाहेरून रुततो, आणि असा मासा ओढून आणायला बराच वेळ लागतो. त्यात तो दमून जातो.

वजनासाठी शिसे वापरण्याची सवय स्वस्ताईतून आली. शिसे विषारी आहे. पाणपक्षी खड्यांसोबत शिशाचे लहान तुकडे गिळतात आणि ते त्यांच्या पोटात झिजून रक्तात उतरतात. हंसांच्या मृत्यूंमागे हे कारण असल्याचे दिसल्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम या दरम्यानची गळाची शिशाची वजने बंद करण्यात आली, आणि त्यानंतर तेथील हंसांची संख्या सावरली. पर्यायी धातूंत कथील शिशाहून हलके असते, म्हणून तेवढ्याच वजनासाठी सुमारे दीडपट आकारमानाचा तुकडा घ्यावा लागतो. टंगस्टन शिशाहून पुष्कळ जड असल्याने लहानशा तुकड्यात काम भागते, पण ते महाग असते आणि घरच्या हत्यारांनी कापले जात नाही. आमिषाच्या पोटातील शिसे कोरताना निघणारा चुरा हाताला लागतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.